दादाचा हवापालट

माझा थोरला भाऊ गावी आला तो केवळ श्वास घ्यायला. दुसरं काही काम नव्हतं त्याचं. तीस वर्षं त्यानं नवी मुंबईपलीकडच्या रसायनांच्या पट्ट्यात नोकरी केली, फ्लॅट घेतला, मुलीचं लग्न केलं आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर दोन निकामी फुफ्फुसं घरी आणली. आयुष्यात कधी विडी ओढली नव्हती त्यानं. डॉक्टर म्हणाले, गाव आहे ना तुमचं, मग इथं काय करताय? मोकळ्या हवेत जाऊन राहा. जूनपर्यंत फरक पडला तर फ्लॅट भाड्यानं देऊन तो आणि वहिनी कायमचे गावी राहणार होते. नाही पडला तर परत. त्याला राहायचंच होतं. तोंडानं तो तसं बोलला नाही, पण एप्रिलच्या उन्हात गाडीतून उतरलेल्या सामानात दोन छत्र्या होत्या आणि गणपतीच्या पूजेला नेसायचं धोतर होतं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

आमचं गाव बोर्ली पंचतनपासून आत, डोंगराला टेकलेलं. समुद्र दिसत नाही, पण दुपारी त्याचा वारा येतो. या गावात माझा भाऊ दरवर्षी गणपतीचे पाच दिवस यायचा आणि पाचही दिवस आम्हाला सुधारायचा. चूल बंद करा. कचरा पेटवू नका. जेवल्यावर लगेच लवंडू नका. सहाव्या दिवशी आमचेच तांदूळ गाडीत घालून परत जायचा. आता तोच माणूस आमची हवा मागायला आला होता. मी ती पन्नास वर्षं फुकट घेत होतो आणि त्याबद्दल मला कोणी शाबासकी दिली नव्हती.

दुसरं कारण जास्त खरं आहे. मी गावातला बोलका माणूस. नमन-खेळ्यांत मी गौळणीची कामं केली आहेत, हळदीला मी नसलो तर लोक लवकर घरी जातात, मयताच्या बैठकीतसुद्धा माझ्या शेजारची जागा आधी भरते. पण माझ्या भावानं माझी एकही गोष्ट शेवटपर्यंत ऐकली नव्हती. मी सुरुवात केली की तो उठायचा. आता त्याच्या नाकात नळी होती, नळी मशीनला जोडलेली होती आणि मशीन भिंतीतल्या बटणाला. आयुष्यात पहिल्यांदाच मला असा प्रेक्षक मिळाला, जो उठून जाऊ शकत नव्हता.

मशीन म्हणजे मोठ्या बॅगेएवढा घरघरणारा डबा. तो हवेतून ऑक्सिजन गाळून द्यायचा. पहिल्या दिवशी अर्धा गाव तो बघायला आला. आमच्या म्हाताऱ्या चुलतीनं डब्याला हात लावून विचारलं, यात तांदूळ पण दळता येतात काय? वहिनी हसली नाही. भाऊ हसला आणि लगेच खोकला. वहिनीनं त्याच्या बोटाला एक चिमटी लावली. चिमटीवर आकडा यायचा, रक्तात हवा किती आहे तो. हसण्याआधी ब्याण्णव होता, हसल्यावर अठ्ठ्याऐंशी झाला.

मी तो आकडा पाहिला आणि माझ्या डोक्यात खेळ शिरला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या पडवीत अकराच्या सुमाराला बैठक जमू लागली. नियम सोपे होते. चिमटी भावाच्या बोटाला, वहिनी विहिरीवर. ज्यानं त्याला हसवून आकडा जास्त खाली आणला तो जिंकला. मी सलग आठ दिवस जिंकलो. सरपंचाची चाल, बोर्लीच्या बाजारातली मासेवाली आणि तिच्याशी घासाघीस करणारा पुण्याचा पाहुणा, आमच्या वडिलांचं घोरणं, सगळं केलं. शेवटी खुद्द भावाचंच सोंग केलं. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. तेव्हा आकडा पंच्याऐंशीवर गेला आणि त्याचे ओठ जांभळे झाले. भाऊ सावरला आणि म्हणाला, "माझं सोंग... जमलं नाही. मी... एवढा... सुंदर दिसत नाही."

सांगायचं म्हणजे, त्यालाही खेळ आवडत होता. कंपनीत तीस वर्षं त्याच्याशी कोणी असं खेळलं नसावं. वहिनीला कळल्यावर तिनं चिमटी लपवली आणि मला म्हणाली, भाऊजी, तुमच्या करमणुकीला माझा नवरा नाही आणलेला. मी कान पकडले. कान पकडण्यात मी पटाईत आहे.

उन्हाळा मात्र खेळत नव्हता. पूर्वीही उकडायचं, पण रात्री उतरायचं. आता उतरत नाही. पहाटेसुद्धा हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर. अशा दिवशी भावाचा आकडा चहाच्या आधीच खाली असायचा आणि तो आंघोळीलाही उठायचा नाही. रस्त्याच्या कामाचे डंपर खालून गेले की लाल धूळ पडवीपर्यंत यायची. वहिनी सकाळ-संध्याकाळ पडवीत पाणी शिंपडायची. तरीही मेच्या सुरुवातीला त्याला थोडा फरक पडला. नळी काढून तो अंगणातल्या फणसापर्यंत चालत जाऊ लागला. एक दिवस परत येताना मध्ये थांबला नाही. वहिनीनं मुलीला फोन केला आणि फ्लॅट बघायला येणाऱ्यांना हो म्हण, असं सांगितलं. मी तो फोन ऐकला. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आल्या आल्या त्यानं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. राब या वर्षी परसात भाजू नको.

आमच्याकडे भाताचं बी टाकायच्या आधी ती जागा भाजतात. आधी शेण पसरायचं, त्यावर ऐनाच्या झाडाच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वरून मातीचा हात. मग वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याशी भांडत सावकाश पुढे जाते आणि जमीन खोलवर भाजते. त्या राखेत रोपं अशी उठतात की बघत राहावं. आमचा राब घराच्या मागेच, पूर्वेच्या अंगाला. मला राब रचायला याच भावानं शिकवलं होतं. मी आठ वर्षांचा असताना फांदी चुकीची ठेवली म्हणून त्यानं मला त्याच फांदीनं मारलं होतं.

तर त्याचं म्हणणं असं, की या वर्षी राब ओढ्यापलीकडच्या शेतात कर. मी भाषण केलं. दादा, तुझ्या श्वासापुढे राब काय चीज आहे, डोंगरावर नेऊन भाजतो, हवं तर रेवसला नेऊन भाजतो. बायको दारात उभी राहून ऐकत होती. मी आत गेल्यावर तिनं विचारलं, भारे कोण वाहणार? खरा प्रश्न तोच होता. शेण, फांद्या, गवत, सगळं परसात आधीच रचून झालं होतं. गडी मिळत नाहीत, सगळे दिवेआगरच्या हॉटेलांत चादरी बदलतात. मी उद्या म्हणालो. मग परवा म्हणालो. भाऊ रोज विचारायचा आणि मी रोज नवीन कारण सांगायचो. कारणं इतकी चांगली होती की तो कधी कधी त्यांचीच वाट बघत असावा.

मेच्या मध्यावर अवकाळी पाऊस आला. पूर्वी असा पाऊस आयुष्यात एकदा यायचा आणि म्हातारे त्याच्यावरून वर्षं मोजायचे. आता दरवर्षी येतो. मी धावत जाऊन राबावर फ्लेक्स टाकले. आमच्याकडे फ्लेक्स कोणी फेकत नाही. वाढदिवस, निवडणूक, नवरात्र झालं की उतरवून माळ्यावर ठेवतो, पावसाळ्यात पडवीला लावायला उपयोगी पडतात. दोन आमदार, एक सरपंच आणि मी स्वतः, पन्नाशीच्या वाढदिवसाचा, काळा चष्मा लावलेला, असे चौघे राबावर आडवे झालो. तरी पाणी खालून शिरलं. तीन दिवसांनी फ्लेक्स उचलले तर खालून वाफ आली.

चौथ्या दिवशी दुपारी मी राब पेटवायला घेतला. परत पाऊस येणार असं मोबाइल सांगत होता, आणि राब भिजून कुजला तर वर्षाचा भात गेला. हे कारण खोटं नव्हतं. शिवाय वडिलांचं घड्याळ माझ्या पाठीशी होतं. वडील म्हणायचे, चारला समुद्राचा वारा उठतो, घराला पाठ देतो आणि धूर डोंगरावर नेतो. त्यांच्या हयातीत तो वारा कधी सव्वाचारला आला नव्हता.

भाऊ मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता. वीज सकाळपासून नव्हती, पावसानं कुठेतरी तार पडली होती, त्यामुळे मशीन बंद होतं आणि तो नळीशिवायच होता. "थांब," तो म्हणाला. "उद्या... ऊन पडेल."

मी म्हटलं, चारला वारा येईल.

"नाही येणार. मी... रोज बघतो. चारचा वारा... आता येत नाही. कधी सहाला... कधी नाहीच."

हे त्याला ठाऊक असणारच. दिवसभर तो दुसरं करतच काय होता? हवा कुठून येते, कधी येते, किती येते, याकडे आख्ख्या गावात एवढं लक्ष देऊन बसलेला दुसरा माणूस नव्हता. पण मला मुंबईच्या माणसानं आमचा वारा शिकवावा हे सहन होईना. मी काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. गवत जरा लाल झालं आणि गेलं. शेजारीपाजारी कुंपणाशी जमले होते. मी वाकून फुंकर मारतोय, डोळ्यांतून पाणी येतंय, धोतराचा काचा सुटलाय. सहावी काडी विझली तेव्हा मागून आवाज आला.

"राब आहे... का सरकारी फाईल? पुढेच... सरकत नाही."

कुंपण हसलं. चुलती तर कमरेत वाकून हसली. माझं कुंपण, माझी चुलती, माझे लोक. एक चतुर्थांश फुफ्फुसाचा माणूस सात-आठ शब्दांत माझा खेळ उचलून घेऊन गेला. मला आजही तो विनोद आवडतो, म्हणून अजून जास्त राग येतो.

मी घरातून पॉवर टिलरचं डिझेल आणलं. फ्लेक्सच्या गुंडाळ्या केल्या आणि राबात तीन-चार ठिकाणी खोचल्या, आमदार, सरपंच, मी. बायको ओरडली, अहो, ते नका घालू. मी डिझेल ओतलं आणि पेटती काडी टाकली. वाऱ्याच्या उलट अंगानं की सुलट, हे बघितलंच नाही, कारण वाराच नव्हता.

पेटला. वा, काय पेटला. दोन मिनिटं मी हात पसरून उभा होतो, नमनात राजा शिरतो तसा. मग वरचा कोरडा थर संपला आणि आग ओल्यात शिरली. ज्वाला बसली. धूर उठला, आधी पांढरा, मग फ्लेक्स वितळायला लागल्यावर काळा, पाण्यासारखा जड. तो डोंगराकडे गेला नाही. वरही गेला नाही. परसात गोळा झाला, जरा विचार केल्यासारखा थांबला आणि घराकडे आला.

आम्ही भावाला उचलून आतल्या खोलीत नेलं, दारं-खिडक्या लावल्या. तुमच्यापैकी जे कौलारू घरात राहिले आहेत त्यांना माहीत असेल, कौलांचं घर बंद होत नाही. वरून प्रत्येक फटीतून धूर उतरत होता, अगदी निवांत. वहिनी ओली फडकी त्याच्या तोंडावर धरत होती. ऑक्सिजनचा लहान सिलिंडर अडीनडीला ठेवलेला होता, तो लावला. वहिनी म्हणाली, हा अर्धा तास पुरेल. तिचा आवाज शांत होता. मी बाहेर जाऊन राबावर घागरी ओतल्या आणि त्यानं धूर दुप्पट झाला. हे मला आठ वर्षांच्या वयापासून माहीत होतं, की पेटलेल्या राबावर पाणी ओतायचं नसतं.

घरापर्यंत गाडी येत नाही, दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरावी लागते. त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शेजारी, मागून वहिनी सिलिंडर धरून. मी सारखा बोलत होतो. दादा, आलोच आपण, दादा, दोनच पायऱ्या, दादा, बघ, खाली रिक्षा दिसतेय. त्याची छाती अशी चालली होती की मानेच्या शिरा दोरीसारख्या बाहेर. अर्ध्या वाटेवर त्यानं माझं मनगट पकडलं.

"गप्प... बस. आवाजानं... दमतो."

त्यानंतर रिक्षात, रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात, दवाखान्याच्या दारापर्यंत मी एक अक्षर बोललो नाही. आयुष्यातला माझा तो विक्रम आहे.

डॉक्टर तरुण होते. मास्क लावला, सुई दिली, आकडा पाहिला आणि तो मोठ्यानं सांगितला नाही. मग मला विचारलं, घरात काय जळत होतं? मी म्हटलं, घरात नाही, परसात, राब. नुसता पाला? डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं. मी म्हटलं, हो साहेब, नुसता पाला. शेतकऱ्याचा चेहरा करायला मला वेळ लागत नाही.

पलंगावरून खरखर झाली. भावानं मास्क बाजूला केला. नर्स अंगावर धावली, त्यानं तिचा हात दूर केला. हवेचे जे चार घोट त्याच्याकडे होते ते त्यानं माझ्यावर खर्च केले.

"आणि... दोन आमदार. एक... सरपंच. आणि... हा. काळा... चष्मा लावून."

डॉक्टरांना काही कळेना. वहिनीला कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनं डॉक्टरांना सगळं नीट सांगितलं, प्लास्टिक किती, डिझेल किती, किती वेळ. त्या माहितीवरून डॉक्टरांनी औषध बदललं की नाही मला माहीत नाही. मला बाहेर बसायला सांगितलं होतं.

तो वाचला. आठ दिवसांनी अलिबागच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की जे गेलं ते परत येणार नाही. आता चोवीस तास नळी, वीज जाणारी जागा नको, धूर असलेली जागा नको, ओल असलेली नको. म्हणजे आमचं गाव नको. वहिनीनं मुलीला फोन करून फ्लॅट भाड्यानं देऊ नको म्हणून सांगितलं. महामार्गाला लागून असलेली ती इमारत. खिडकी उघडली तर बोटाला काजळी लागते, म्हणून ते खिडकी उघडत नाहीत. तिथं वीज जात नाही, हेच काय ते भाग्य. हवापालटाला आलेला माणूस परत त्याच हवेत निघाला, जिनं त्याला खाल्लं होतं, कारण त्यातल्या त्यात ती बरी होती.

जायच्या दिवशी तो खाली रस्त्यावर गाडीत बसला होता. सामान मी पाखाडीनं खाली आणलं, छत्र्यांसकट. वहिनी पुढे ड्रायव्हरशी बोलत होती. गाव लांब उभं होतं. मी काचेपाशी गेलो. मी पाठ करून आलो होतो, चांगलं लांब, तीन ठिकाणी आवाज दाटेल असं. दादा, म्हटलं, माझं चुकलं. मी तुझा गुन्हेगार आहे. तू मला चपलेनं मार, पण जाताना एवढं म्हण, की माफ केलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. घाई नव्हती त्याला. नळीतून हवा येण्याचा बारीक आवाज ऐकू येत होता.

"नाही," तो म्हणाला. "माफ केलं... तर तू... त्याचाही... प्रयोग करशील."

आणि काच वर केली. मी हसलो. काय करणार, वाक्य उत्तमच होतं. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत राहिलो, लोक बघत होते म्हणून.

आता तो फोनवर येत नाही. वहिनी सांगते, बरे आहेत, बोलवत नाही त्यांना. गावी परत येण्याची गोष्ट आता कोणी काढत नाही. त्याची खोली मी भाताच्या पोत्यांना दिली. त्या वर्षी त्या राबातली रोपं गावात सगळ्यात उंच आली, हे मी वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

आणि प्रयोगाचं म्हणाल तर मी तो करतो. त्यानं माफ केलं नाही तरी करतो. पुढच्याच महिन्यात एका हळदीत पहिला केला, काडीपासून काचेपर्यंत. लोक पोट धरून हसले, शेवटी बायकांनी डोळ्यांना पदर लावला. माझी बायको मात्र मध्येच उठून गेली. तेव्हापासून मागणी आहे, श्रीवर्धनपर्यंत बोलावणी येतात. त्याची वाक्यं मी त्याच्यापेक्षा बरी म्हणतो. दोन शब्दांनंतर त्याला थांबावंच लागायचं. मी मुद्दाम थांबतो.